सतरा ठिकाणं आणि साडेतीन वर्षांचे पाय

या आठवड्याचं पत्र परभणीहून आलंय. जरा लांब होतं, थोडं आवरून देते :

"ताई, मी शिक्षिका आहे. मिस्टरांचं शेतीच्या औषधांचं दुकान आहे. मुलगी सात वर्षांची, मुलगा साडेतीनचा. चार वर्षं थोडेथोडे पैसे बाजूला टाकले आणि यंदा मे महिन्यात लंडनला जायचं ठरवलं. एजंटानं आठ दिवसांचा कार्यक्रम दिलाय. लंडनमध्ये सतरा ठिकाणं, वर दोन दिवस पॅरिस. मिस्टर म्हणतात, एवढा पैसा घालतोय तर काही सुटायला नको. मोठ्या जाऊबाई म्हणतात, एवढ्याशा लेकरांना काय कळणार, पैसे पाण्यात जातील. मुलगा वरण-भाताशिवाय तोंड उघडत नाही. सासूबाईंना न्यायची माझी फार इच्छा आहे, पण त्यांचे गुडघे दुखतात. त्या म्हणतात, 'माझं काय काम तिथं, तुमच्या पायात अडकून बसीन.' कधी वाटतं जावं, कधी वाटतं पैसे एफडीत राहिलेलेच बरे. काय करू?"

ताई, जा. कर्ज काढून निघाला असता तर थांबा म्हटलं असतं. पण चार वर्षं पोटाला चिमटा घेऊन साठवलेले पैसे आहेत, ते ज्यासाठी साठवले त्यालाच लागू द्या.

जाऊबाईंचं म्हणणं मात्र झटकून टाकू नका. ते अर्धं खरं आहे. साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं मोठेपणी आपल्यापैकी बहुतेकांना आठवत नाही. तुमचा मुलगा त्या उंबरठ्यावरच आहे, त्याच्या डोक्यात लंडन राहणार नाही असंच धरून चला. मुलीच्या राहील. तुमच्या दोघांच्या आणि सासूबाईंच्या तर राहीलच राहील. म्हणून मुलासाठी "दाखवायला" काही ठेवू नका. त्याच्यासाठी झोप, जेवण, पळायला मोकळी जागा आणि आईचा शांत चेहरा एवढं ठेवा. दाखवायचं ते मुलीला.

आता त्या सतरा ठिकाणांबद्दल. तो कागद वाचताना माझ्या पोटात गोळा आला, कारण असाच एक कागद घेऊन आम्ही गेलो होतो. माझी नात तेव्हा चार वर्षांची होती. दुसऱ्याच दिवशी चौथ्या ठिकाणाकडे निघालो. संध्याकाळचे पाच वाजलेले, भुयारी रेल्वेच्या फलाटावर ही गर्दी. नात आणि तिचे आजोबा डब्यात चढले. मी आणि लेक पिशव्या सावरत एक पाऊल मागे राहिलो, आणि दार लागलं. काचेवर तिचा पंजा टेकलेला, तोंड रडवेलं, आणि गाडी हलली. खाली फोनला रेंज नाही. असं झालं तर काय करायचं हे आमचं कधी बोलणंच झालेलं नव्हतं. ते पुढच्या स्टेशनावर उतरले आणि उलट्या गाडीने आमच्याकडे यायला निघाले. आम्ही पुढच्या गाडीने त्यांच्याकडे. अशी आमची चुकामूक झाली. पंचवीस मिनिटांनी गाठ पडली तेव्हा नात झोपून गेली होती, आणि तिच्या आजोबांचे हात कापत होते.

म्हणून निघायच्या आधी घरातल्या सगळ्यांना समोर बसवून हे पाठ करून घ्या : गाडीत जो अडकला त्यानं पुढच्या स्टेशनावर उतरायचं आणि फलाटावरून हलायचं नाही. मागे राहिलेल्यानं पुढच्या गाडीने तिथं पोचायचं. मुलीला हे सात वेळा म्हणायला लावा. मुलाच्या मनगटावर रोज सकाळी तुमचा फोन नंबर पेनाने लिहा.

ती गर्दी, ते दार, हे कुठल्याही मोठ्या शहरात होतं. आमची चूक त्याच्या आधीची होती. दमलेलं लेकरू घेऊन आम्ही चौथं ठिकाण गाठायला निघालो होतो. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे : दिवसाला एक ठिकाण. सकाळी जायचं, दुपारी परतायचं किंवा बागेत पसरायचं. संध्याकाळी अंगात जीव असेल तर जवळपास पायी फेरी. मिस्टरांना सांगा की सुटणार तर आहेच, सतरा बघितली तरी शंभर सुटतील.

आणि पॅरिस खोडून टाका. त्याला शेंगेन व्हिसा वेगळा, त्याची कागदपत्रं वेगळी, फी वेगळी, आणि लेकरांची बसलेली घडी पुन्हा मोडायची. त्या पैशांत लंडनमध्ये स्वयंपाकघर असलेली जागा मिळेल. त्याबद्दल पुढे लिहिते.

मिस्टरांच्या काळजीचं एक चांगलं उत्तर माझ्याकडे आहे. लंडनमधली लेकरांसाठीची सगळ्यात भारी ठिकाणं फुकट आहेत. साउथ केन्सिंग्टनचं नॅचरल हिस्टरी म्युझियम १८८१ सालचं आहे. आत शिरताच मोठ्या दालनात निळ्या देवमाशाचा सांगाडा छतापासून टांगलेला दिसतो. २५ मीटर लांब. आपल्या एसटीच्या दोन गाड्या एकामागे एक उभ्या करा, त्यापेक्षाही थोडा लांबच. तुमची मुलगी मान वर करून किती वेळ उभी राहील ते बघा, आणि तिला ओढू नका. डायनोसॉरच्या दालनात एक हलणारा, गुरगुरणारा टायरनोसॉरस आहे. तिथं मुलगा घाबरेल, त्याला आधीच कडेवर घ्या, नाहीतर एकानं त्याला बाहेरच थांबवा. प्रवेश फुकट असला तरी वेळ आधी ऑनलाइन नोंदवून ठेवा, रांग वाचते. शेजारीच सायन्स म्युझियम आहे, तेही फुकट. त्याच्या तळघरात तीन ते सहा वर्षांच्या लेकरांसाठी 'द गार्डन' नावाचा भाग आहे, तिथं पाण्यात खेळायला मिळतं. मुलाचे कपडे भिजणार, एक जोड पिशवीत असू द्या. पण दोन्ही म्युझियम एका दिवशी करायचा मोह नको. शेजारी आहेत म्हणून सगळे तोच घोळ घालतात.

दुसरा दिवस ग्रिनिचसाठी ठेवा. बँक स्टेशनावरून डीएलआर नावाची हलकी रेल्वे मिळते. ती १९८७ पासून चालते आणि तिला पुढे चालकाची केबिन नाही. म्हणजे अगदी पुढच्या सीटवर बसलं की समोर मोठी काच आणि रूळ. आमची नात त्या सीटवर बसली आणि तिनं एसटीच्या कंडक्टरसारखी हाळी दिली : "चला परळी, गंगाखेड, परभणीऽऽ!" डब्यात कुणाला काही कळलं नाही, पण समोरच्या गोऱ्या आजीबाई हसल्या. आदल्या दिवशीच्या सतरा भानगडींनी दिलं नव्हतं ते त्या वीस मिनिटांनी दिलं. गर्दीची वेळ टाळून, साडेदहानंतर जा म्हणजे ती सीट मिळेल. उतरायचं कटी सार्क स्टेशनवर. बाहेर पडलात की त्याच नावाचं जुनं शिडाचं जहाज उभं आहे, ते बाहेरून बघायला पैसे लागत नाहीत. तिथूनच थेम्स नदीखालून पायी जायचा बोगदा आहे, १९०२ सालचा. आत आवाज घुमतो, लेकरांना ओरडून बघू द्या. नंतर डोंगरउतारावरची बाग. तुम्ही शिक्षिका आहात, म्हणून एक सांगते. शून्य रेखांश तिथूनच जातो. आपली भारतीय वेळ साडेब्याऐंशी अंशांवरची, पंधरा अंशाला एक तास धरला की साडेपाच तास होतात. उन्हाळ्यात तिकडे घड्याळ एक तास पुढे करतात, म्हणून मे महिन्यात फरक साडेचार तासांचा. सात वर्षांच्या मुलीला हे तिथं उतारावर बसून, बोटावर मोजून सांगता येईल.

तिसरं ठिकाण एजंटाच्या यादीत नाहीच, आणि मला त्याचं वाईट वाटलं. प्रिमरोझ हिलजवळ १०, किंग हेन्रीज रोड. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना १९२१-२२ मध्ये बाबासाहेब त्या घरात राहत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ते विकत घेतलं आणि तिथं स्मारक केलं. ज्या माणसानं १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभं करून मराठवाड्याच्या लेकरांना शिक्षणाची वाट मोकळी केली, तो माणूस तरुणपणी कुठल्या जिन्यावरून वर-खाली करत होता हे आपल्या लेकरांनी बघावं असं मला मनापासून वाटतं. घर लहान आहे, अर्ध्या-पाऊण तासात होतं, लेकरं कंटाळायच्या आत. मग पाच-दहा मिनिटं चाललं की प्रिमरोझ हिलची टेकडी. वरून अख्खं शहर दिसतं, गवतावर बसून डबा खाता येतो, मुलाला पळता येतं. उघडं असायचे दिवस आणि वेळा निघण्यापूर्वी बघून घ्या.

टॉवर ब्रिजचं सांगते. तो १८९४ चा पूल मोठी जहाजं येतात तेव्हा मधून दुभंगून वर उचलला जातो. वर्षातून साधारण आठशे वेळा. कधी उचलणार त्याचं वेळापत्रक पुलाच्या वेबसाइटवर आधीच लागतं. ती वेळ धरून काठावर उभे राहा, फुकट तमाशा. याउलट बकिंगहॅम पॅलेससमोरची पहारेकऱ्यांची बदली लेकरांसाठी नाही. तासभर आधी जागा धरावी लागते आणि शेवटी त्यांना दिसतात ती पुढच्या माणसांची कुल्ले. घोडेस्वार बघायचेच असतील तर हॉर्स गार्ड्स परेडला जा, तिथं गर्दी कमी असते. लंडन आय घ्यायचं की नाही ते मिस्टरांवर सोडते. पाळणा सुंदर आहे, १३५ मीटर उंच, एक फेरी अर्ध्या तासाची, पण चार-पाच तिकिटं म्हणजे पुष्कळ पैसे. त्यांचा एवढा एक हट्ट पुरवा, सोळा वाचतील.

प्रवासाचं गणितही तुमच्या बाजूनं आहे. अकरा वर्षांखालच्या लेकरांना मोठ्या माणसासोबत भुयारी रेल्वे, डीएलआर आणि बस फुकट. फाटकाशी रुंद दार असतं, तिथल्या माणसाला लेकरू दाखवलं की सोडतात. बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत. कार्ड टेकवायचं, आणि प्रत्येक मोठ्या माणसाला स्वतःचं कार्ड लागतं. दोघांत एक चालत नाही, इथं पुष्कळजण फसतात. एका तासाच्या आत दुसरी बस घेतली तर तिचे पैसे पडत नाहीत. घाई नसेल तर भुयारापेक्षा बसच घ्या. वरच्या मजल्यावरची पुढची सीट म्हणजे लेकरांना जत्रेतला पाळणा. सासूबाईंना मात्र खालीच बसवा, चालत्या बसचा जिना गुडघ्यांना बरा नाही.

बाबागाडी न्या. साडेतीन वर्षांच्या घोड्याला बाबागाडी, म्हणून जाऊबाई हसतील. हसू द्या. हलकी, घडी होणारी घ्या. पोरगं त्यात झोपेल तेव्हा तुमची मुलगी सुखाने काहीतरी बघू शकेल. भुयारी स्टेशनांपैकी बऱ्याच ठिकाणी लिफ्ट नाही, नकाशावर व्हीलचेअरचं चिन्ह बघून स्टेशन निवडा. ते सासूबाईंच्याही कामाचं आहे.

झोपेबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच आहे. मुलगा घरी साडेनऊला झोपत असेल तर तिकडे संध्याकाळी पाचलाच पेंगणार. इथं सकाळी साडेसहाला उठत असेल तर तिकडे रात्री दोनला टक्क जागा होऊन "आई, चहा-बिस्कीट" म्हणणार. पहिल्या तीन रात्री असं होणार हे धरूनच चला, त्यावरून कुणी कुणावर चिडू नका. उठला तर दिवा मंद ठेवा, काहीतरी खाऊ घाला, पुन्हा पडा. मे महिन्यात तिकडे रात्री पावणेनऊपर्यंत उजेड असतो आणि पहाटे पाचला उजाडतं. जाड पडदे ओढून घ्या. पोचल्या दिवशी फक्त जवळची बाग. परभणीहून मुंबईला जाणारी रात्रीची गाडी आणि त्याला लागूनच विमान असं करू नका, मुंबईत एक रात्र काढा. रेल्वेची रात्र आणि विमानाचे नऊ-दहा तास लागोपाठ आले तर पहिले दोन दिवस रडारडीतच जातात.

आणि मे महिना असला तरी शेवटचा आठवडा टाळा. तेव्हा तिकडच्या शाळांना आठवडाभर सुट्टी असते, सगळं इंग्लंड त्या देवमाशाखाली येऊन उभं राहतं. पहिला-दुसरा आठवडा चांगला. परभणीत ४२ अंश असतील, तिकडे दुपारी सतरा-अठरा आणि सकाळी नऊ-दहा. जाड एक स्वेटर नको, पातळ दोन-तीन थर आणि पावसाचं जाकीट.

वरण-भाताचं म्हणाल तर हॉटेलची खोली घेऊच नका, स्वयंपाकघर असलेली जागा घ्या. तूरडाळ, तांदूळ तिकडच्या मोठ्या दुकानांत मिळतात, आणि साउथॉल, वेम्ब्लीत तर आपलं सगळंच मिळतं. इथून छोटा कुकर, हळद-हिंग, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि भाजलेला रवा न्या. येसर न्या. थंडीत दमून आल्यावर येसराची गरम आमटी आणि भात सासूबाईंना औषधासारखा लागेल. विमानतळापर्यंतच्या वाटेसाठी धपाटे. पण दुधाचे पदार्थ सामानात घालू नका. भारतातून तिकडे दूध आणि मांस यांचे पदार्थ न्यायला बंदी आहे. म्हणजे पेढे, खव्याच्या पोळ्या, तूप सगळं घरी. तूप तिकडे मिळतं. नळाचं पाणी पिता येतं, बाटल्या विकत घेऊ नका. तीन चौकोनी पिनांचं प्लग-अ‍ॅडॉप्टर लागेल. आणि एक प्लास्टिकचा मग. संडासात पाण्याची सोय नसते, त्यावरून सासूबाईंची फार अडचण होते आणि त्या कुणाला बोलत नाहीत.

सासूबाईंना न्या, ताई. पण आधी स्वतःशी एक गोष्ट खरी-खरी ठरवा. त्यांना फिरायला नेताय की लेकरं सांभाळायला? पुष्कळ घरांत आजीला विमानात बसवतात आणि मग मुलगा-सून फिरतात, आजी बंद खोलीत नातवाला भरवत बसते. तुमच्या मनात तसं नाही हे पत्रावरून दिसतं, पण आठव्या दिवसापर्यंत आपोआप तसं होऊन जातं. म्हणून दोन दिवस आधीच त्यांच्या नावाचे करा. एक पूर्ण विश्रांतीचा, आणि त्या दिवशी लेकरं त्यांच्याजवळ सोडायची नाहीत. दुसरा त्या म्हणतील तिथं जायचा. विचारा त्यांना, तुम्हाला तिकडचं काय बघायचंय. त्यांना आजवर हे कुणी विचारलंच नसेल. विमानतळावर व्हीलचेअर लागेल असं तिकिटाच्या वेळीच नोंदवा. लाजतील, पण हीथ्रोवर चालायला फार लागतं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. लेकरांना प्रत्येकी वेगळा पासपोर्ट, वेगळा व्हिसा. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो, उशीर करू नका. पाच वर्षांखालच्या लेकरांचे बोटांचे ठसे घेत नाहीत, फोटो काढतात. मुलांच्या जन्मदाखल्यावरचं तुमचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का ते आज रात्रीच बघा, माहेरचं-सासरचं नाव इथं घोळ घालतं. दाखला नुसता मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. अर्जाच्या तोंडावर खात्यात एकदम मोठी रक्कम भरू नका. तुमची चार वर्षांची थोडीथोडी बचत पासबुकात दिसते, तोच तुमचा सगळ्यात चांगला पुरावा. विमा काढाच, आणि सासूबाईंच्या गुडघ्यांचं त्यात खरं लिहा. तिकडे दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली तर पाहुण्यांना पैसे भरावे लागतात. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत घ्या, लेकरांचं तापाचं औषध सोबत ठेवा.

आणि हे सगळं करायच्या आधी, तिकिटं काढायच्या आधी, एक काम करा. पाचहीजण एका सुट्टीला वेरूळला या. संभाजीनगरात रात्री मुक्काम करा, सकाळी लवकर लेण्यांवर पोचा, बाबागाडी घेऊन. थेट सोळा नंबरच्या कैलास लेण्यात जा आणि घड्याळ लावा. मुलगा किती वेळात "उचल" म्हणतो, मुलगी कुठे रेंगाळते, सासूबाई किती पायऱ्यांनंतर बसायला जागा शोधतात, मिस्टर कधी वैतागतात, हे एका वहीत लिहून ठेवा. लेणी चौतीस आहेत. त्यातली किती झाली ते मिस्टरांनाच मोजू द्या, आणि मग एजंटाचा तो कागद त्यांच्या हातात द्या. फक्त मंगळवारी येऊ नका, मंगळवारी वेरूळ बंद असतं.